सुखी आजी पाहिजे

या वयात इंग्रजी शिकून काय करणार, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. मुलाने विचारलं, शेजारणींनी विचारलं, बँकेतल्या साहेबानेही विचारलं. मी सगळ्यांना एकच सांगते. बोलणार. भाषा बोलायलाच असते, तिचं लोणचं घालत नाहीत.

या अंकवाल्यांनी कळवलं की तरुणांना प्रेरणा मिळेल असं काही लिहा. मला कोणाला प्रेरणा द्यायची नाही. ज्याला शिकायचं तो शिकेल, ज्याला नाही त्याने खुशाल झोपावं. मी माझ्या कामाबद्दल लिहिते. माझं शिक्षण चौथी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं आणि पाचवीची शाळा आमच्या गावात नव्हती. मुलीला रोज कडावच्या शाळेपर्यंत कोण पाठवणार? म्हणजे इंग्रजी माझ्यापासून एका इयत्तेवर होतं आणि तिथेच राहिलं. हे लिखाण सुनेने मोबाइलवर उतरवून घेतलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ तिचे, बाकी सगळं माझं.

मी खालापूरच्या बाजूला डोंगराखालच्या एका रिसॉर्टमध्ये भाकऱ्या करते. नाव सांगत नाही, उगाच त्यांची जाहिरात व्हायची. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून गाड्या येतात, कंपन्यांच्या बसा येतात. माणसं पोहतात, दोरीवरून लोंबकळतात आणि एकाला आपण भातशेतीच्या गावात आलो हे आठवलं की मग सगळ्यांना तांदळाची भाकरी पाहिजे असते.

भाकरी करणं हे काम आहे, हे बाहेरच्यांना पटत नाही. त्यांना वाटतं बाईच्या जातीला ते येतंच. तसं नाही. पाणी उकळून त्यात पीठ टाकायचं, झाकण ठेवायचं आणि ती उकड हाताला चटका देते आहे तोवर मळायची. निवली की संपलं, कडा चिरतात. तवा किती तापला हे त्याच्यावर पाणी शिंपडून आवाजावरून ओळखायचं. शंभर माणसांचा घाणा असला की एक भाकरी परातीत, एक तव्यावर, एक विस्तवावर, आणि तिन्हींवर लक्ष. पहिली भाकरी पाहुण्याला द्यायची नाही. नव्या पिठाला पाणी किती लागतं हे तिच्यावरून कळतं. ती मी खाते.

विस्तवासमोर पाहुणे येऊन उभे राहायचे, त्यातूनच माझं इंग्रजी सुरू झालं. माणूस तव्याला हात लावायला निघाला की त्याला मराठीत समजावत बसायला वेळ नसतो. हॉट. वेट. नो टच. गो बॅक. माझ्या इंग्रजीत प्लीज जरा उशिरा आलं ते त्यामुळे.

एकदा एक गृहस्थ भाकरी घेऊन माझ्यासमोर आला. पोऱ्या वेटरवर आधीच ओरडून झालं होतं. शहरातला माणूस चिडला की इंग्रजीत चिडतो, हे मी फार पाहिलं आहे. भाकरीवर काळे डाग का, असं तो विचारत होता. मी म्हटलं, "ब्लॅक इज फायर. नो ब्लॅक, मशीन. यू वाँट मशीन?" त्याने भाकरी पुढे-मागे करून बघितली आणि हळूच म्हणाला, "मावशी, मी पण इकडचाच, पेणचा आहे."

"मग एवढा येळ कोनासंगं भांडत व्हतास रं?" मी विचारलं. त्याने आणखी दोन खाल्ल्या.

अशी शब्दाशब्दाने भाषा जमत होती, तर मला वाटलं, नीट शिकावी. कर्जतला बाजारात एक क्लास आहे, जिन्यावर पाटी, पंधरा-वीस पोरं-पोरी. सरांनी मला पाहून विचारलं, नातीचं नाव घालायचं आहे का? मी म्हटलं, नात नाही, मीच. ते चांगले होते, हसले नाहीत. पोरं हसली. पहिला धडा स्वतःची ओळख करून द्यायचा होता. माझं नाव, माझं गाव, माझा छंद. सगळ्यांचा छंद वाचन आणि गाणी ऐकणं. माझी पाळी आली तेव्हा सर म्हणाले, तुमचा स्वयंपाक असेल. मी म्हटलं, ते माझं काम आहे, सर, छंद नाय. मग ते म्हणाले, बागकाम लिहा, कोण बघायला येतंय. खोटंच बोलायचं तर मला मराठीत उत्तम येतं. त्यासाठी इंग्रजी कशाला शिकू? काही दिवसांनी मी तो क्लास सोडला.

खरं मार्गदर्शन मला भाजी चिरणाऱ्या बुधीकडून मिळालं. बुधी वरच्या ठाकरवाडीतली. तिच्या घरची बोली वेगळी, आमच्याशी बोलते ती मराठी ती कामावर येऊन शिकली. मी तिला सांगितलं की तोंड उघडलं की पोरं हसतात. बुधी सुरी न थांबवता म्हणाली, "अगं बाय, मी पयली खाली आली तवा तुमी समदी हसायची. मी काय गप बसली? बोलतच ऱ्हायली. हसनारे दमतात, बोलनारा नाय दमत." एवढी वर्षं शेजारी काम केलं, पण ही बाई रोज परक्या भाषेत बोलते आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंतर मी लाज बाजूला ठेवली. येईल तसं बोलायला लागले. चुकीचं बोलल्याने कोणी उपाशी राहिलं नाही.

आणि मग ती पोलंडची म्हातारी आली. मोहोपाड्याच्या कारखान्यात तिचा मुलगा मशीन बसवायला आलेला, आईला सोबत फिरायला घेऊन आला होता. मुलगा फाडफाड इंग्रजी बोलायचा आणि आईने एक शब्द उच्चारला की तो दुरुस्त करायचा. म्हणून ती गप्पच बसायची. तो पोहायला गेला तशी ती उठून माझ्या चुलीपाशी आली आणि पाटावर बसली. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, तुकड्या-तुकड्यांचं. पण दोघींचं सारखंच असल्यामुळे कोणी कोणाची परीक्षा घेत नव्हतं.

आधी गुडघ्यांवर बोललो. मग गाईंवर. तिच्याकडेही गाई होत्या. मग तिने विचारलं, "युवर हजबंड, व्हेअर?"

मी बोट वर केलं. "अप."

ती म्हणाली, "माय ऑल्सो अप."

मी म्हटलं, "गुड. नाऊ हाउस क्वाएट."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिला पाणी दिलं आणि मीही हसत सुटले. भाकरी जळली. आमचे नवरे वाईट नव्हते, निदान माझा तरी नव्हता. पण परक्या भाषेत मी पहिल्यांदा कोणाला तरी हसवलं होतं. मला लग्नात, मुलगा झाला तेव्हा, घरावर स्लॅब घातला तेव्हा आनंद झाला होता, नाही असं नाही. पण ते आनंद सगळ्या घराचे होते. हा माझ्या एकटीचा होता. रात्री झोपेतसुद्धा मी ते वाक्य म्हणत होते, असं सून सांगते.

आता मुख्य गोष्ट.

दोन वर्षांमागे रिसॉर्टवर नवा मॅनेजर आला. नितीन सर, ठाण्याचे, वयाने माझ्या मुलापेक्षा लहान. माणूस कामाचा. त्यांनी पाहुण्यांसाठी 'गावाचा अनुभव' नावाचं काहीतरी काढलं. मागच्या आंब्याखाली कुडाची झोपडी बांधली, शेणाने सारवली, आत चूल. तिथे बसून मी भाकऱ्या करायच्या आणि पाहुण्यांनी गोल बसून बघायचं. मला नऊवारी दिली. मी आयुष्यभर गोल साडी नेसले, नऊवारी माझी सासू नेसायची. पण ही नऊवारी शिवलेली होती, विजारीसारखी पायात चढवायची आणि मागे नाडी बांधायची. नेसायला सोपी म्हणून मी काही बोलले नाही. पगारही थोडा वाढला. शिवाय चूल मला आवडते.

पाहुण्यांना माहिती द्यायला रिया नावाची मुलगी ठेवली. बदलापूरची, पंचविशीतली, नम्र. ती माझ्या शेजारी उभी राहून इंग्रजीत काहीतरी सांगायची, पाहुणे माझ्याकडे बघून मान डोलवायचे, मी त्यांच्याकडे बघून मान डोलवायचे. रियाचं बोलणं भराभर असायचं, मला त्यातला एखादा शब्द लागायचा. हॅपी हा शब्द लागायचा. मी एकदा तिला विचारलं, काय सांगतेस गं माझ्याबद्दल? ती म्हणाली, "काही नाही आजी, तुमचं कौतुकच करते."

पण तेच तेच वाक्य महिनोन्महिने कानावर पडलं की ते कधीतरी उतरतंच. एका रविवारी भाकरी थापता थापता ते अख्खंच्या अख्खं माझ्या कानात उतरलं. ही आमची आजी. ही कधी गावाबाहेर गेलेली नाही. पहिली भाकरी ही अग्नीला अर्पण करते. हिच्याकडे काही नाही, पण तुम्हाला भेटेल असं सगळ्यात सुखी माणूस ही आहे. आणि शेवटी, "शी वाँट्स नथिंग."

म्हणजे इतके दिवस मी ह्याला मान डोलवत होते.

समोर दहा-बारा माणसं बसलेली, निम्मी परदेशातली. मी हात पुसले आणि म्हटलं, "नो. आय वाँट मेनी थिंग्ज."

पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग आहे, ते हसले. एका गोऱ्या बाईने विचारलं, काय पाहिजे तुम्हाला? मी सांगितलं. नवे गुडघे पाहिजेत. दात पाहिजेत, वरचे. माझ्या घरापर्यंत डांबरी रस्ता पाहिजे. विमानात एकदा बसायचं आहे, कुठेही जाऊ दे, खिडकी पाहिजे. प्रत्येकाला ते हसत होते, मीही हसत होते. मग मी म्हटलं, "अँड आय वाँट संडे. एव्हरी संडे, यू ऑल कम. माय संडे, यू टेक."

तेव्हा कोणी हसलं नाही. मला काही त्यांना टोमणा मारायचा नव्हता. खरं होतं ते सांगितलं. रिसॉर्टवर काम करणाऱ्या माणसाला रविवार नसतो. माझ्या नातवाचं बारसं आणि सगळे वाढदिवस मी फोटोत पाहिले आहेत. मग मी पहिली भाकरी उचलली, मोडली आणि त्यांच्यासमोर खाल्ली. "फायर नो ईट," मी म्हटलं. "आय ईट."

संध्याकाळी सरांनी ऑफिसात बोलावलं. चहा दिला. आवाज चढवला नाही, हे त्यांचं खरं. म्हणाले, "मावशी, पाहुणे इथे शहर विसरायला येतात. तुम्ही इंग्रजी बोललात की सगळा मूड जातो."

मी विचारलं, मी काय खोटं बोलले?

"खऱ्या-खोट्याचा प्रश्न नाही. त्यांना साधी, सुखी आजी पाहिजे असते. तुम्ही मराठीत बोला ना. काहीही बोला, त्यांना कुठे कळतंय?"

"त्यांना कळू नये म्हनून बोलू?" मी म्हटलं. "मग न बोललेलं काय वाईट?"

"तेच म्हणतोय मी," सर म्हणाले.

मला आठ दिवस विचार करायला सांगितलं. एक तर झोपडीत बसून गप्प राहायचं, नाहीतर मागच्या भटारखान्यात जायचं. भटारखाना म्हणजे पत्र्याखाली, गॅसच्या भट्टीसमोर, उभ्याने. माझ्या गुडघ्यांना ती शिक्षाच होती आणि ते सरांनाही माहीत होतं.

मुलगा म्हणाला, "आई, गप बस ना. बोलून काय मिळनार हाय तुला?" तोच प्रश्न, फक्त वेगळ्या शब्दांत. सून भांडी घासत होती, ती तिकडूनच म्हणाली की गप्प बसून तरी आजवर काय मिळालं, ते आधी सांगा. सून कोणाच्या बाजूने आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या शनिवारी मी झोपडीत गेले, ती विजारीची नऊवारी चढवली आणि चूल पेटवली. सर झोपडीच्या दाराशी हाताची घडी घालून उभे. पाहुणे बसले. रिया सुरू करणार, तेवढ्यात मी तिच्याकडे पाहिलं. पोरगी ओठांतल्या ओठांत आपली वाक्यं घोकत होती. तेव्हा मला समजलं की तिला माझी भीती वाटत नाही, सरांचीही तितकी नाही. तिला त्या चार पाठ वाक्यांबाहेर पाऊल टाकायची भीती वाटते. तीही मराठी शाळेतली. एक शब्द चुकला तर लोक काय म्हणतील, या धास्तीने तिने खोटं घट्ट धरून ठेवलं होतं, कारण त्याचं व्याकरण कोणीतरी तपासून दिलं होतं.

मीच सुरुवात केली. "गुड मॉर्निंग. माय नेम इज अनुसया. आय मेक भाकरी. आय टेल माय स्टोरी, माय मिस्टेक, माय इंग्लिश. यू लिसन, यू ईट." आणि सांगत गेले. चौथीची शाळा, उकड, पोलंडची म्हातारी, दोघींचे नवरे. तासभर बोलले. कुठे अडले की हाताने दाखवलं. एका पोराला तर भाकरी थापायला बसवलं, त्याची फाटली, मी म्हटलं, "नो प्रॉब्लेम, यू ऑल्सो फोर्थ पास." लोक उठायला तयार नव्हते. सर घडी घातलेल्या हातांनी तसेच उभे होते. मी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुढचा गोळा घेतला.

सोमवारपासून माझी रवानगी भटारखान्यात झाली.

नितीन सरांनी झोपडीसाठी दुसरी आजी शोधली. बुधीला विचारलं. बुधी म्हणाली, "माझ्याबद्दल काय सांगनार ते आधी मला आमच्या ठाकरांच्या बोलीत सांगा." ते त्यांना जमेना. मग आसपासच्या गावांत विचारून आले. एकीचे गुडघे गेलेले, दुसरी नेरळला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेली, तिसरीने शिवलेली नऊवारी बघून त्यांनाच विचारलं, हे काय तमाशाला बशिवताय काय मला? साध्या, सुखी आणि काही न मागणाऱ्या म्हाताऱ्या आमच्या भागात आता शिल्लक नाहीत. पूर्वी होत्या की नाही याचीही मला शंका आहे. पूर्वी त्यांना कोणी विचारत नव्हतं, एवढं नक्की.

शेवटी त्यांनी फायबरची बाई आणली. झोपडीत बसवली आहे. नऊवारी, कपाळभर कुंकू, हात जात्यावर, तोंडावर हसू. पावसाळ्यात तिच्या नाकाचा रंग गेला तर पुन्हा दिला. पाहुणे तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतात. ती गावाबाहेर गेलेली नाही आणि तिला काहीही नको आहे. तिच्याबद्दल ते सगळं खरं आहे.

चूल गेली याचं वाईट वाटतं. गॅसवरच्या भाकरीला धुराचा वास नसतो आणि उभं राहून रात्री पाय सुजतात. गप्प बसले असते तर आज पाटावर बसून असते. पण मग त्या फायबरच्या बाईत आणि माझ्यात जात्याचाच काय तो फरक राहिला असता.

रिया दुपारची जेवणं झाली की मागे येते. आम्ही इंग्रजीत बोलतो. ती आधी वाक्य मनात जुळवत बसायची, मी तिला म्हणायचे, पोरी, भाकरी जळतेय, लवकर बोल. आता ती पटकन बोलते आणि खुशाल चुकते. बुधी मध्येच काहीतरी ऐकून विचारते, मग तिला आम्ही दोघी सांगतो, आणि ती आम्हाला तिच्या बोलीत तेच कसं म्हणतात ते सांगते. ते आम्हाला म्हणता येत नाही. ती पोटभर हसते. तिला हसायचा हक्क आहे, खूप वर्षं साठलेला.

परवा एक परदेशी तरुण भाकरीच्या वासावरून चालत भटारखान्याच्या दारात आला. झोपडीतल्या बाईबरोबर फोटो काढून झाला असावा. पत्र्याखाली आम्ही घामाने निथळत होतो आणि तेवढ्यात माझी भट्टी विझली. सिलिंडर संपला होता. तो कौतुकाने माझ्याकडे बघत म्हणाला, "आर यू हॅपी?"

मी सिलिंडर हलवून बघितला. "टुडे, नो. गॅस फिनिश. यू कम टुमॉरो, आस्क अगेन."

तो खदखदून हसला आणि खरंच दुसऱ्या दिवशी विचारायला येतो म्हणाला. एवढं मोठं वाक्य, कुठेही न अडता, भर धावपळीत माझ्या तोंडून गेलं होतं. मी दिवसभर खुशीत होते. ते त्याला सांगितलं नाही.